अर्धं पाऊल

२३ जुलै

फुटबॉलचा कॅम्प सुरू. सकाळी सगळ्यांच्या हेल्मेटांना पांढरी पट्टी चिकटवली, पट्टीवर काळ्या मार्करने आडनाव. नव्वद पोरं आहेत, चेहरे जाळीच्या आड. नाव वाचायचं आणि हाक मारायची. सप्टेंबरात त्रेपन्न उरले की पट्ट्या निघतात. तोवर सगळे ओळखीचे झालेले असतात.

माझी फळी पाच जणांची. चेंडू त्यांच्या वाट्याला कधी येत नाही. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत समोरच्यांना अडवून धरायचं, एवढंच काम. तीन सेकंद. या तीन सेकंदांवर मी सव्वीस वर्षं काढली. तेरा खेळून, तेरा शिकवून.

इशाऱ्यांचे शब्द दर वर्षी बदलतात, कारण जुने समोरच्यांना पाठ झालेले असतात. मधला माणूस ओरडून शब्द सांगतो, त्यावरून उरलेल्या चौघांनी ओळखायचं कुणी कुणाला अडवायचं ते. शब्द फळीनेच ठरवायचे असा आमच्याकडचा रिवाज. यंदा झाडं निघाली. बर्च, मेपल, सीडर. विलिआमीला केकची नावं हवी होती. कॅल म्हणाला, "तू मग इशारा ऐकलास की अडवायचं सोडून ताटली शोधशील."

कॅल ट्रास्क म्हणजे आमचा मधला. विलिआमी टाउफा त्याच्या डाव्या हाताला. नऊ वर्षं शेजारी उभे आहेत. एकमेकांच्या बायकांपेक्षा एकमेकांचा श्वास यांना जास्त कळतो.

९ ऑगस्ट

आज अर्ध्या पावलाचा धडा. दर वर्षी देतो.

शेजारचा कमी पडतोय हे कळलं की अर्धं पाऊल त्याच्याकडे सरकायचं. पूर्ण नाही, पूर्ण टाकलंत तर तुमची बाजू उघडी पडेल. बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही. समोरच्याला कळता कामा नये की आपल्यात दुबळा कोण आहे. आणि शक्य झालं तर त्या दुबळ्यालाही कळता कामा नये.

नव्या पोरांपैकी एकाने विचारलं, "आणि कोच, कमी पडणारा मीच असेन तर?"

विलिआमी म्हणाला, "तर तुला वाटेल की आज तू फार छान खेळलास."

सगळे हसले. मीही. पण खरं तेच आहे. वर्तमानपत्रवाले विचारतात, विजेता संघ कशाने बनतो — पैशाने, डोक्याने, ताकदीने? मला एवढंच उत्तर माहीत आहे आणि ते छापण्याजोगं नाही.

हा धडा मी खेळात शिकलो नाही. आमच्या गावच्या एका खोलीच्या शाळेत शिकलो. अकरा मुलं, आठ इयत्ता, एक बाई. मला वाचन जमत नसे. शब्दापाशी अडलो की मागच्या बाकावरची ओपल ओठ न हलवता तो शब्द सांगायची. बाई त्या वेळी नेमक्या खिडकीबाहेर बघत असायच्या. बाईंना ऐकू जायचं, हे मला बाईंच्या अंत्यविधीच्या दिवशी कळलं.

२६ ऑगस्ट

सदतीस जण घरी पाठवले. त्यातले सहा माझे. सहाव्याचा हात हातात घेतला आणि त्याचं नाव आठवेना. हेल्मेट त्याने आधीच परत केलं होतं.

७ सप्टेंबर

पहिलाच सामना हरलो. पावसात. तीन सेकंद सोडा, दीडही मिळाले नाहीत.

मुख्य कोच रेमर एका वाक्यात बोलला. "आर्लन, तुझी फळी टिकली तर आपण टिकू." अठ्ठावन्न वर्षांत या क्लबने विजेतेपद पाहिलेलं नाही. बंदरावरची म्हातारी माणसं अजून ते न बघताच मरतात. रेमरचं हे शेवटचं वर्ष, आणि हे मालकांनी त्याला सांगितलंय.

५ ऑक्टोबर

जिंकलो. पण कॅलला मार बसला.

दुसऱ्या सत्रात. समोरच्याचा गुडघा हेल्मेटवर, मग डोकं जमिनीवर. आवाज बाजूच्या रेषेपर्यंत आला. उठला तेव्हा चार पावलं चुकीच्या दिशेने चालला. विलिआमीने कोपराला धरून वळवला. डॉक्टर हॅलोरननी तंबूत नेऊन तपासलं आणि सोडलं. "ठीक आहे," म्हणाल्या.

लाइलबद्दलही हेच म्हणायचे. ठीक आहे.

लाइल आणि मी सात वर्षं शेजारी खेळलो. एकेचाळिसाव्या वर्षी तो स्वतःच्या मुलीला "बाई, तुम्ही कोण?" म्हणाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या शवपेटीवर हात ठेवून मी देवाला शब्द दिला होता — ज्याचं डोकं दुखावलंय असा माणूस मी पुन्हा मैदानात पाठवणार नाही. कुणीही असो. सामना कुठलाही असो.

लिहून ठेवतो. नंतर कुणी म्हणायला नको की मला आठवत नव्हतं.

१५ ऑक्टोबर

जे नको होतं तेच.

सरावात मी समोरच्यांची मांडणी उभी केली आणि ओरडलो, "पाइक!" कॅलने तेच पुढे ओरडायचं असतं. त्याने एकदा विलिआमीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बर्च." आणि चौघं बर्चप्रमाणे हलले. डाव बरोबर झाला, ते सोडा. शब्द चुकला. पुन्हा केलं. "ट्राउट," मी म्हणालो. "मेपल," तो म्हणाला.

थांबवलं. जवळ गेलो. "कॅल, मी काय म्हणालो?"

त्याने हेल्मेट काढून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत काहीतरी होतं, पाणी म्हणवत नाही. विलिआमीने खाली बघून बुटाची नाडी बांधायला घेतली, बांधलेलीच होती ती.

"माझी चूक, कोच," कॅल म्हणाला. "लक्ष नव्हतं."

मारानंतर दहा दिवस झालेत.

२९ ऑक्टोबर

ओळीने चार जिंकले. माझ्या पाच जणांनी सरावाच्या हेल्मेटांवर पुन्हा पट्ट्या लावल्यात. नावं जुलैपेक्षा मोठ्या अक्षरांत.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"शकुन आहे, कोच," विलिआमी म्हणाला. "पट्ट्या होत्या तेव्हा अंगात जोर होता. आजीने स्वप्नात येऊन सांगितलं."

"तुझी आजी जिवंत आहे."

"म्हणून तर लगेच ऐकलं. नाही ऐकलं तर फोन करेल."

शकुन मला पटत नाहीत. बाकीचा संघ टर उडवतो, बालवाडीची पोरं म्हणतो. सोडून दिलं.

सरावाला आता माझी बायको सोलवेग मला गाडीने सोडते. रस्ते निसरडे झालेत म्हणते. बर्फ अजून पडलेलं नाही.

९ नोव्हेंबर

जिंकलो. विलिआमीला मुलगी झाली. सेला नाव ठेवणार.

१६ नोव्हेंबर

आजही जिंकलो. आजही मी रेषेवरून ओरडलेला शब्द कॅल पुढे देत नव्हता. फिल्म तीनदा बघितली. फिल्म मी नेहमी मुकीच बघतो — आवाज पायांवरून लक्ष उडवतो. पाय बरोबर आहेत. पाचही जणांचे पाय इतके बरोबर आहेत की सव्वीस वर्षांत असं काही पाहिलं नाही.

पण एक दिसलं. प्रत्येक डावाआधी विलिआमीची मान किंचित कॅलकडे वळते. जाळीआड त्याचे ओठ हलतात. म्हणजे शब्द विलिआमी सांगतोय. कॅल फक्त ओरडतोय.

अर्धं पाऊल. माझाच धडा, आणि तो माझ्यापासूनच लपवण्यासाठी.

उद्या डॉक्टर हॅलोरनकडे जायला हवं. गेलो तर कॅलचा हंगाम संपला, त्याच्या जागी बाविशीतला पोरगा, आणि फळी मधोमध फाटणार. नाही गेलो तर लाइल.

१७ नोव्हेंबर

गेलो नाही.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. फळी आमच्याकडे जेवायला. पाच माणसांना दोन टर्की पुरल्या नाहीत. सोलवेगचे लेफ्से, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, विलिआमी रुमालासारखे घडी घालून तोंडात टाकत होता.

मी बटाटे आणायला आत गेलो तर सोलवेग आणि कॅल सिंकपाशी उभे. ती बोलत होती, तो मान हलवत होता. मला बघून दोघं थांबले. सोलवेगचे डोळे लाल.

"कांदे," ती म्हणाली. कांदे तर सकाळीच चिरून झाले होते.

म्हणजे तिलाही माहीत आहे. कॅलने तिला सांगितलं, मला नाही. वाईट वाटलं. मग वाटलं, मला कसा सांगेल? त्याला बाहेर बसवण्याचा अधिकार माझा. ज्याच्या हातात सुरी त्याला कोण गळा दाखवेल.

जेवणाआधी प्रार्थना मी केली. "या घरातल्या प्रत्येकाचं रक्षण कर," म्हणालो. कॅल सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाला.

१० डिसेंबर

आज कळलं, विलिआमीला मुलगी झाली! केवढी आनंदाची बातमी आणि गडी गप्प बसला होता. मी त्याला मिठी मारली. मग हसला आणि म्हणाला, "हो कोच. मुलगी. सेला." बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. फोटो दाखवला. बाळ चांगलंच मोठं दिसतं.

१७ डिसेंबर

बुधवारची उपासना. पाद्री येणाऱ्या प्रकाशाबद्दल बोलले. मी बाकाकडे बघत बसलो.

मी काय करतो आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. देवाला दिलेला शब्द मोडतो आहे, रोज, सकाळी नऊ ते अकरा. रागाने नाही, लोभानेही नाही म्हणवत. समुद्रासारख्या या सरोवराच्या काठी पन्नास हजार माणसं हिवाळाभर एका गोष्टीची वाट बघतात आणि ती गोष्ट माझ्या पाच जणांच्या खांद्यांवर आहे. हे कारण होऊ शकतं का? लाइलच्या वेळच्या कोचकडेही हेच कारण असेल. तोही चर्चला जायचा.

घरी येताना सोलवेगने विचारलं, "काय मागितलंस?"

"कॅलचं डोकं."

तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली. बराच वेळ काच पुसत बसली.

११ जानेवारी

बाद फेरी जिंकली.

१८ जानेवारी

हीही.

पत्रकाराने कॅलला विचारलं, या फळीचं गुपित काय? कॅल म्हणाला, "आम्हाला कोच चांगला मिळाला." माझ्याकडे न बघता.

२५ जानेवारी

अंतिम सामन्यात पोचलो. लोक बर्फात रस्त्यावर आले. एका म्हातारीने माझा हात धरून स्वतःच्या गालाला लावला. नवऱ्याचा फोटो दाखवला, तो चार वर्षांपूर्वी गेला.

रेमर म्हणाला, "दोन आठवडे, आर्लन. फक्त दोन आठवडे तुझी माणसं उभी राहू देत."

बाथरूमचं दार लावून गुडघ्यांवर बसलो आणि प्रार्थना केली. जागा बरी नव्हती. पण ठरलं.

२७ जानेवारी

डॉक्टर हॅलोरनकडे गेलो. सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासूनचं. इशारे चुकतात, विलिआमी शब्द पुरवतो, मला साडेतीन महिने माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. लाइलचंही सांगितलं. शिक्षा व्हायची ती मला होऊ दे, म्हणालो, पण कॅलला तपासा.

त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. फक्त एकदा विचारलं, "तुम्ही कुठला शब्द देता आणि तो कुठला देतो?" सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

कॅलला मी स्वतः गाठून सांगितलं. वाटलं होतं चिडेल, ढकलून देईल. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर केलंत, कोच. मी जातो. कितीही वेळ लागू दे." असा माणूस. आणि मी त्याला विकला, आधी गप्प राहून आणि मग बोलून.

२९ जानेवारी

कॅलला काही झालेलं नाही.

दोन दिवस तपासत होते. चित्रं काढली डोक्याची. हॅलोरनबाई म्हणाल्या, "आर्लन, त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. जुलैतल्या चाचणीपेक्षाही आकडे वर आहेत. तो खेळेल."

मी म्हणालो, चाचणी चुकली असेल. खेळाडू फसवतात, मीही फसवायचो.

"ही फसवता येत नाही." मग कागद आवरताना, "हंगाम संपला की तुम्हीही येऊन जा. सहज." रक्तदाबाचं म्हणत असतील. गेल्या वर्षीही वाढला होता.

देवाचे आभार मानायला हवेत. मानले. पण आत काही हललं नाही. कॅल बरा असेल तर मी जे ऐकतो ते काय आहे?

८ फेब्रुवारी

जिंकलो. विजेते!

शेवटच्या डावात क्वार्टरबॅकला पाच सेकंद मिळाले. पाच. माझ्या फळीने दिले. रंगीत कागद पडत होते आणि पाचही जण माझ्याकडे धावत आले. हेल्मेटं काढलेली, तोंडं घामाने आणि रडण्याने सारखीच झालेली. सगळ्यांत आधी जो आला त्याने मला उचललं. दाढीवाला, दांडगा. कानात म्हणाला, "विलिआमी, कोच. मी विलिआमी."

विचित्र. मला माहीत नाही का.

१५ फेब्रुवारी

मिरवणूक झाली. लोक अजून खिडक्यांना झेंडे लावून आहेत. मला मात्र कुठेच जावंसं वाटत नाही. सरोवर गोठलंय, त्याकडे बघत बसतो. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं आणि घरात कुणी गेल्यासारखं शांत आहे.

२० फेब्रुवारी

टीव्हीवाल्यांनी आठवण म्हणून शेवटच्या आठवड्याच्या सरावाची फिल्म पाठवली. कॅलच्या छातीवर माइक होता. आवाज चालू होता, मी बंद करायला उठलो आणि मला मीच ऐकू आलो.

"पाइक!" मी ओरडतोय.

विलिआमी, अगदी हळू: "बर्च म्हणतायत."

"बर्च! बर्च!" कॅल.

"ट्राउट!"

"मेपल म्हणतायत."

आठवडाभर. कुणी हसत नाही. एकदा नवा पोरगा विचारतो, "पाइक म्हणजे काय?" कॅल म्हणतो, "गप. अर्धं पाऊल."

ही वही मागे उलटली. २३ जुलै. अक्षर माझंच. यंदा झाडं निघाली.

पाइक, ट्राउट — माशांचे इशारे लाइलचे आणि माझे होते. बावीस वर्षांपूर्वीचे.

सोलवेगला सांगितलं, हॅलोरनबाईंची वेळ घे. ती म्हणाली, घेतलेली आहे, मंगळवारची. मग म्हणालो, फळीला रविवारी जेवायला बोलाव. येताना पट्ट्या लावून या म्हणावं, शर्टांवर. अक्षरं मोठी काढा.

तूही एक लाव.